तीन निऱ्या आणि ऐंशी एमबी

"दादा, अख्खं लग्न एवढ्याशा फोनात मावतं कसं?"

हे विचारून दाखव, अशी पैज माझ्या मैत्रिणींनी, गरिमा आणि उन्नतीनं लावली होती. दोघी इंदरगंजच्या स्टुडिओबाहेर खिदळत उभ्या होत्या. मला मात्र उत्तर खरंच हवं होतं.

लग्नांचे व्हिडिओ जोडणाऱ्या अंबरीशदादानं मान वर केली. "किसका लग्न, ते तर सांग."

माझ्या चुलतभावाचं, समरजीतदादाचं. उद्या दुपारी, शिवपुरीपलीकडच्या खेड्यात. आमच्याकडे नवरदेवाला तयार फेटा चालत नाही. तो डोक्यावरच बांधायचा, डाव्या कानावर तीन निऱ्या काढून. त्या निऱ्या येतात फक्त काकाआजोबांना, म्हणजे महिपतरावांना, आणि त्यांचा पाय प्लास्टरमध्ये! म्हणून आम्हीही इथेच थांबलेलो. मी बाबांना खुर्चीत बसवलं, काकाआजोबांकडून फेटा बांधून घेतला आणि सगळं शूट केलं. सगळ्यात भारी क्वालिटीत, फोर-के!

तो बघून तिकडे फेटा बांधणार होते समरजीतदादाचे वडील, रघुनाथकाका. पण त्यांच्या जुन्या फोनवर मूळ फाइलचा नुसता आवाज आला, चित्र काळं. मग नेहमीसारखा मेसेजमधून ढकलला, तर तो आपोआप दाबला जाऊन धूसर झाला. काकांचा फोन, "अवंतिका, निऱ्या कुठंयत? ही तर लाल चटणी दिसतेय!"

अंबरीशदादा पोट धरून हसला. मग म्हणाला, "काकांचा फोन बूढ़ा आहे गं, त्याला ही नवी भाषा समजत नाही. एमपी-फोर कर, एच-दोनशे चौसष्ट या जुन्या भाषेत, आणि चित्राचा आकार सातशेवीसवर आण. पण सेकंदाच्या फ्रेम कमी करू नकोस, नाहीतर बोटं उड्या मारतील."

"मग फाइल छोटी कशी होणार?"

"मागची भिंत हलते का? नाही ना? मग ती एकदा लिहून टाकायची. पुढे जे बदललं, तेवढंच लिहायचं."

त्यानं एकेक फ्रेम पुढे सरकवून दाखवली आणि मी बघतच राहिले. मला वाटायचं, व्हिडिओ छोटा करतात म्हणजे टॉवेलासारखा पिळतात. इथे तर भिंत गप्प, खुर्ची गप्प, बाबासुद्धा गप्प (घरी कधी होतात?) आणि हलत होती ती फक्त काकाआजोबांची बोटं. अंगठ्यानं पहिली निरी धरलेली असताना करंगळी दुसरीचं माप घेत होती! याच बोटांना गोळीचं पाकीट फोडता येत नाही. मी समोर उभी राहून शूट केलं होतं, तरी हे दिसलंच नव्हतं. बाहेरचं खिदळणं कधी थांबलं, कळलं नाही. गरिमा माझ्या खांद्यावरून वाकून पुटपुटली, "अरे यार!"

फाइल झाली ऐंशी एमबी. "डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे कोणी दाबणार नाही," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो आला. समरजीतदादा घोड्यावर, डाव्या कानावर तीन निऱ्या. आई चक्क टाळ्या वाजवायला लागली. काकाआजोबांनी फोटो मोठा करून पाहिला. खूप वेळ पाहिला.

"छान बांधलाय रघुनाथनं. तिसरी ढिली आहे, पण छान."

"व्हिडिओत काही चुकलं का?"

"नाही गं. कापड किती ओढायचं, ते दिसत नाही. ते हातालाच कळतं."

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. मग आई-बाबांसमोर जाऊन उभी राहिले.

"ऐका. उद्यापासून रोज शाळेतून आले की मी काकाआजोबांकडे फेटा बांधायला शिकणार. मुलीनं कशाला, असं कोणाला म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा, कारण मी ठरवलंय."