तळपायातून उतरलेली साखर

अंबडच्या एका मंगल कार्यालयात सकाळपासून गर्दी उसळली होती. लग्न कुणाचंच नव्हतं. साठी उलटलेले पुरुष पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून प्लास्टिकच्या टबांत पाय सोडून बसले होते. प्रत्येक टबात मूठभर 'सिद्ध क्षार' टाकून विजेच्या यंत्राची डबी बुडवलेली होती, आणि टबांतलं स्वच्छ पाणी बघता बघता पिवळं, मग विटकरी, मग गढूळ तपकिरी होत होतं.

"वीस वर्षांची साखर तळपायातून उतरतेय, बघा," क्षारनाथ महाराज माईकवर सांगत होते. "गोळ्या रोगाला आत कोंडतात, आम्ही त्याला दार उघडून देतो. दवाखान्यात नुसतं मोजतात. मोजून कुणी बरं झालंय?"

लोक हसले. बहिरूला हसू आलं नाही. आपल्याच पायांभोवती फिरणारा तो गाळ पाहून त्याच्या अंगावर काटा आला. एवढी घाण आपल्या अंगात होती?

त्याची भीती जुनीच होती. तो कारखान्यात कामाला असताना डॉक्टरांच्या एका पथकानं त्याच्यासारख्या शेकडो पुरुषांना संशोधनात घेतलं होतं. वय वाढतं तसा कुणाला मधुमेह जडतो, कुणाला लकवा मारतो, आणि का, हे त्यांना वर्षानुवर्षं तपासून शोधायचं होतं. दर तपासणीला दवाखान्याच्या बाकावरची ओळखीची काही माणसं कमी झालेली असायची. "सुई टोचून ते तुमचं आयुष्य ओढून घेतात," असं महाराज म्हणाले, ते बहिरूला एकदम पटलं. त्यानं मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या, तपासणीला जाणंही सोडलं.

थोड्याच दिवसांत शेजारच्या टबात बसणारा महेश जेवता जेवता कलंडला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्यानंही रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या होत्या. त्याच सुमारास बहिरूच्या अंगठ्याला चप्पल घासली. अंगठा काळा पडत चालला, पण दुखत नव्हता, आणि बहिरूला धास्ती त्याचीच वाटत होती. तो घरातही मोजे घालू लागला. पण वास कसा लपणार? बायकोनं, कुसाबाईनं, मोजा ओढून काढला आणि संशोधनातल्या डॉक्टर आभांना फोन लावला.

आभांनी घरी येऊन पाय पाहिला. "बहिरूकाका, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"नाय यायचं. विष अंगठ्यात गोळा झालंय, टबातूनच निघंल असं महाराज म्हणतात. तुमच्या सुयांनीच माणसं गेली."

"माणसं गेली, खरंय. ती का गेली हे कळावं म्हणूनच आम्ही तपासतो. गोळ्या घेणारा आणि न घेणारा, दोघांची तुलना करतो. तशीच एक तुलना वाटेत त्या टबाची करू. मी चुकले तर पुन्हा काही म्हणणार नाही."

तिघं कार्यालयात पोचल्यावर आभांनी एक रिकामा टब मागितला. "यात कुणाचेच पाय नकोत. नुसतं यंत्र सोडा."

"पाय नाही तर रोग कुणाचा निघणार?" महाराजांनी माईक खाली ठेवला. "यंत्र कोपेल."

"कोपू द्या," असं म्हणून कुसाबाईनं पाणी ओतलं, सिद्ध क्षाराची मूठ टाकली, डबी बुडवली आणि बटण दाबलं.

सगळे वाकून पाहू लागले. पाणी पिवळं झालं, विटकरी झालं, तपकिरी झालं.

आभांनी बटण बंद करून डबी उघडली. "आत लोखंडाच्या पट्ट्या आहेत. क्षार म्हणजे घरातलं मीठ. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की लोखंड भराभर गंजतं. तुम्ही पाहिलात तो गंज. साखर नाही, विष नाही."

महाराज मागच्या दारानं निघाले होते. दारातल्या माणसांनी त्यांना पोलीस येईपर्यंत बसवून ठेवलं.

बहिरू तिथूनच दवाखान्यात गेला. त्याचा अंगठा कापावा लागला, पाऊल वाचलं. महेश अजून बोलत नाही. त्याच्याजवळ बसला की बहिरूला अजूनही धडकी भरते.

भीती कुणालाही वाटते, त्यात लाज नाही. पण कुणी तुमचा रोग पाण्यात उतरवून दाखवला, तर गोळ्या फेकण्याआधी एवढंच म्हणा: माझे पाय बाहेर काढतो, आता दाखवा.