गुरुदत्त सरांची सूचना

अनुजा ज्या अ‍ॅपसाठी काम करत होती, त्यात नकाशावर एखाद्या जागेला बोट लावलं की तिथल्या लोकांनी लिहिलेल्या आठवणी वाचता येत. वापरणाऱ्यांचं मत विचारायला ती सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसली होती. क्रिकेट शिकवणारे गुरुदत्त सर शेजारी येऊन बसले आणि तिचं डोकं तापलं. ती शाळेत असताना याच माणसाने तिला क्रिकेटच्या नेटमधून सगळ्यांदेखत हाकललं होतं. "पोरींनी घरी भांडी घासावीत," म्हणाला होता.

सरांनी तिला ओळखलं नाही. अ‍ॅपमध्ये मैदानाच्या जागेवर त्यांनी लिहून ठेवलं होतं, की इथे मुलींना पहिल्यांदा मी खेळवलं.

"वाचतात पुष्कळ," ते म्हणाले, "पण कोणी काही बोलत नाही गं."

"गोष्टीखाली इतरांनाही लिहिता आलं तर, सर?"

"उत्तम. माझ्या नावाने कळव."

तिने कळवलं. ती सोय सुरू झाली त्याच दिवशी अनुजाने घडलेलं सगळं स्वतःच्या नावानिशी लिहिलं. मग परळच्या एकीने लिहिलं, की सरांनी मलाही असंच हाकललं होतं; माझगावच्या एकीने लिहिलं, आणि हळूहळू बऱ्याच जणींनी.

कट्ट्यावर तिने दिलेल्या नंबरवर सरांचा फोन आला. 

"ते काढ सगळं. पार्कात लोक मला टाळतात."

"तुम्हीच मागितलं होतं, सर."

पलीकडे ते रडत असावेत. आपल्याला वाईट वाटेल, असं अनुजाला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्या दुपारी ती पोटभर जेवली.