भरदुपारची गोधडी

दर्शनाची झोप मोडायला घाटकोपरच्या डोंगरावरचा तापलेला पत्रा एकटा पुरेसा होता, पण त्याच्या मदतीला सासूची गोधडी होती.

दर्शना रुग्णालयात रात्रपाळीची आया. सकाळी घरी यायची, चार घास खायची आणि आडवी व्हायची. तिचा डोळा लागला की सोनूबाई हळूच गोधडी पांघरायच्या, पार गळ्यापर्यंत. मे महिन्यात! खोलीचं दार दिवसभर उघडं आणि गल्ली दाराला लागून. भरदुपारी सून लोळताना दिसली तर लोक नावं ठेवणार. गोधडीखाली दिसली तर ती आजारी. अशा हिशेबाने सोनूबाईंनी सुनेला वर्षभर ताप आणला होता. शेजारच्या नलिनीताई तर काढाही देऊन गेल्या. दर्शनाने तो मुकाट्याने प्यायला. भांडायलाही अंगात जीव लागतो.

आता मात्र नोकरीवर आलं होतं. पहाटे वॉर्डातल्या स्टुलावर बसल्याबसल्या ती पेंगली आणि मेट्रनने बजावलं, "परत झोपलेली दिसलीस तर उद्यापासून येऊ नकोस."

डॉक्टर रत्नप्रभांनी ते ऐकलं होतं. चहा पिताना म्हणाल्या, "अगं, झोपेचं घड्याळ काय फक्त डोक्यात नसतं. अंगातल्या पेशीपेशीत असतं. डोक्यातलं उजेड बघून चालतं. बाकीच्यांना अंगाच्या गरमीवरून कळतं, दिवस की रात्र. अंग जरा निवलं की झोप लागते. तुझा आधीच उलटा कारभार, त्यात उकडत पडलीस तर पेशी म्हणणार, दुपार आहे, ऊठ."

"मग काय करू, मॅडम?"

"खोली गार ठेव, अंधार कर." मग स्वतःच ओशाळल्या. "म्हणजे, जमेल तेवढं."

जमण्यासारखं एकच होतं. घरी आल्यावर दर्शना म्हणाली, "आई, आज गोधडी नको."

"का गं? वास येतोय?"

"उकडतं. आई, माझ्या अंगात घड्याळं आहेत..."

सोनूबाईंनी घाईने तिच्या कपाळाला हात लावला. "ताप तर न्हाई."

"तेच सांगतेय. कधीच नव्हता. नीट झोपले नाही तर नोकरी जाईल माझी."

सोनूबाईंनी गोधडीची घडी करून ती पेटीवर ठेवली. जुनं लुगडं भिजवलं, पिळलं, दारात आडवं टांगलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसल्या.

थोड्याच वेळात नलिनीताई आल्या. "काय गो सोनूबाय, सुनेचो ताप उतरलो काय?"

"ताप कसला? झोपलीय ती."

"ह्या टायमाक?"

"रातभर लोकांची म्हातारी माणसं उचलती, पुसती. मग कवा झोपावं तिनं? तुझा मालक गिरणीतून रातपाळी करून यायचा, तवा अख्ख्या चाळीला गप करायचीस म्हणं. तूच सांगतीस ना?"

"तो पुरुष माणूस होतो गो!"

"मग हिच्या अंगातली घड्याळं काय बायकी हायत?"

"कसली घड्याळां?"

सोनूबाईंचा आवाज चढला. आत दर्शनाला म्हणावंसं वाटलं, आई, हळू बोला. पण ओल्या लुगड्यातून जराशी गार झुळूक आली, पायांवरून सरकत गुडघ्यांपर्यंत पोचली, आणि घड्याळं कसली ते सासूने काय सांगितलं, हे तिला ऐकू आलंच नाही.