काशी सिस्टरची हाक

काशी सिस्टरने माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा हाक मारली, तेव्हा तिच्या एक मुस्कटात ठेवून द्यायचीच काय ती बाकी होती.

"श्यामसुंदर! ए श्यामसुंदर, डोले उघड!"

ए म्हणे! सासूबाई गेल्यापासून या माणसाला कोणी अरेतुरे केलं नव्हतं. ऑफिसात ते साहेब, वाशीच्या आमच्या नव्या सोसायटीत सेक्रेटरीसाहेब. मी स्वतः त्यांचं नाव घेतलं ते लग्नात, उखाण्यात, तेही नणंदेने दार अडवल्यावर. एरवी 'अहो'. आणि ही करंजाड्याहून एसटीने येणारी कालची पोर त्यांच्या गालावर टिचक्या मारत होती.

बरं, त्यांनी डोळे उघडले. हेच तर माझं दुखणं. सकाळपासून 'अहो, अहो' करून माझा घसा बसला होता, पण पापणीसुद्धा हलली नव्हती.

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. त्यांच्या मेंदूला सूज आली होती आणि ते सारखे गुंगीत जात. डॉक्टरांनी बजावलं होतं, "फार खोल जाऊ देऊ नका. हाका मारून जागं करत राहा, नाहीतर परत आणणं कठीण." काशीने ते काम अंगावरच घेतलं. हाक मारायची, शुद्धीवर आले की चमच्याने पेज भरवायची, कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची. पाठीवर एक फोड येऊ दिला नाही तिने. हे कबूल करतानाही माझा जीव जळतो.

"वैजयंतीवहिनी, तुमी पन नावानं हाक मारा ना," ती एकदा म्हणाली. "सगल्या वॉर्डातल्या बायका 'अहो'च करतात. त्यांना कसं कलनार, आपलीच बायको हाय?"

"आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत," मी फणकारले.

"आमच्यात पन नाय घेत. पन हे काय माजे नवरे हायेत?" म्हणून ती खुदकन हसली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याहून वाईट म्हणजे, शुद्धीवर आले की ते तिच्याशी काहीतरी पुटपुटत. ती कान त्यांच्या तोंडाशी नेई, मान डोलावी, "हां हां, बघते मी," म्हणे. मी जवळ गेले की हे गप्प. काय बोलत होते ते तिला विचारायला माझा ताठा आड येई. मीच पदरात तोंड खुपसून धुमसत बसे.

गुरुवारी काशीची सुट्टी होती. मनात म्हटलं, बरं झालं, ब्याद टळली. आज मीच जागं करते यांना.

दुपारी ते गुंगीत गेले. मी "अहो" म्हटलं, खांदा हलवला, तळवे चोळले. काही नाही. श्वास घोरल्यासारखा यायला लागला. बदलीची नर्स पलीकडच्या पेशंटला ऑक्सिजन लावत होती. तिथूनच ती ओरडली, "बाई, नावाने हाक मारा! डॉक्टरांना बोलावलंय!"

शेजारच्या खाटेपाशी नवऱ्याच्या उशाशी बसलेल्या मालतीबाई टकामका माझ्याकडे बघत होत्या. इतक्या वर्षांची सवय, जीभच वळत नव्हती. तेवढ्यात त्यांचा श्वास क्षणभर अडकला आणि माझी लाजबीज कुठल्या कुठे गेली.

"श्यामसुंदर! ए श्यामसुंदर, डोळे उघड!"

हुबेहूब तिच्यासारखं, तिच्याच ठेक्यात. दुसरी रीत मला ठाऊकच कुठे होती? मी ओरडत राहिले. गालावर टिचक्याही मारल्या.

पापण्या थरथरल्या. डोळे अर्धवट उघडले, माझ्यावरून फिरले आणि छताकडे गेले. ओठ हलले. मी कान तोंडाशी नेला.

"सिस्टर," ते पुटपुटले, "वैजू जेवली का?"

वैजू! अख्ख्या संसारात मला 'अगं'शिवाय दुसरं नाव नव्हतं. जेवलीस का, असं या माणसाने मला जन्मात विचारलं नव्हतं. आणि हे सगळं रोज त्या पोरीच्या कानात पडत होतं. इतका हेवा मला तिचा तोवर कधीच वाटला नव्हता.

मीच आहे अहो, असं सांगणार होते. पण मग ते पुन्हा गप्प झाले असते.

"जेवली ती," मी म्हणाले. "अजून काय म्हणतोस, श्यामसुंदर? बोल."