एका बटणावर सगळं घर

"मागच्या खोलीतला स्पीकर तेवढा काढून न्या. तिथं ऐकायला आता कोणी नाही," एवढं बोलून मास्तर दार उघडं टाकून आत वळले.

बटणवाला पिशवी हातात धरून उंबऱ्यातच थबकला. चार महिन्यांपूर्वी त्यानेच या घरात चार बिनतारी स्पीकर बसवले होते. एक दिवाणखान्यात, एक स्वयंपाकघरात, एक मास्तरांच्या चित्रांच्या खोलीत आणि एक मागे, जिथे मास्तरीणबाई पाय गेल्यापासून पलंगावर असत. चारही स्पीकरचा एक ग्रुप, टीव्हीचा आवाजही त्यातूनच, आणि सगळ्यावर मिळून एकच युनिव्हर्सल रिमोट. बाईंच्या उशाशी हातात मावेल एवढी बेल ठेवलेली. ती दाबली की चारही स्पीकर एकदम किणकिणत. "एक बटण, सगळं घर!" असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. त्यावरूनच लोकांनी त्याचं नाव बटणवाला पाडलं होतं.

"बाई...? कधी झालं हो?"

"तीन आठवडे झाले."

टेबलाशी मास्तरांची लेक बसली होती. उरलेल्या औषधांच्या पट्ट्या ती डब्यात भरत होती. मान वर न करताच म्हणाली, "कसं झालं तेही सांगा की त्यांना. तुम्ही घरातच होतात ना!"

मास्तर खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस. बोलतानाही समोर रेघ आखल्यासारखा सरळ बोलायचा. "दुपारी हिचाच फोन आला. मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि बोलत बसलो. फोन झाल्यावर पेपर उघडला. तिकडे हिच्या आईला उठायचं होतं. बेल दाबून दाबून कंटाळली असेल, मग एकटीच उठायला गेली आणि पडली. मला ऐकूच आलं नाही. मी गेलो तेव्हा बेल तिच्या मुठीत होती."

"कानाची यंत्रं कपाटात ठेवायला घेतली होती का?" लेक म्हणाली. "आता बघा, झोपतानासुद्धा काढत नाहीत. वरातीमागून घोडं."

मास्तरांच्या दोन्ही कानांत यंत्रं होती. डाव्या कानामागची कातडी सोलून लाल झाली होती.

बटणवाल्याला मात्र पुढचं काही ऐकू आलं नाही. 'आवाज बंद केला' हे तीन शब्द त्याच्या काळजात रुतले होते. तरी त्याने विचारलं, "आवाज बंद केलात, तो कुठल्या बटणानं?"

"रिमोटच्या. तुम्हीच लाल टिकली चिकटवून दिलीत ना, म्हाताऱ्याला सोपं जावं म्हणून."

तो मागच्या खोलीत गेला.

पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. समोरच्या भिंतीवर पेन्सिलीची चित्रं ओळीने लावलेली होती. खिडकीतून दिसणारा रस्ता, समोरच्या गच्चीवरचे कपडे, भांडणारी दोन मांजरं. बाईंना पडल्या पडल्या खिडकी दिसत नसे, म्हणून मास्तर रोज बाहेरचं काहीतरी काढून त्यांच्यासमोर लावत.

स्टुलावर चढून त्याने पेचकस लावला आणि एक स्क्रू सैल केला. लाल टिकलीचं बटण एका स्पीकरला गप्प करत नसे, अख्ख्या ग्रुपला करत असे. आणि बेल त्याच ग्रुपमध्ये होती. टीव्ही गप्प, की बेलही गप्प. बेलसाठी एक स्पीकर ग्रुपबाहेर ठेवायचा आणि रिमोटला तसं शिकवायचं, एवढंच काम होतं. अर्ध्या तासाचं. हे त्याला त्या दिवशीही ठाऊक होतं. पण दुसऱ्या घरी पोचायची घाई होती. पुढच्या खेपेला करू, असं मनाशी म्हणून तो जिना उतरला होता. ती खेप आज आली.

स्पीकर काढून न्यायचा, नमस्कार करायचा, निघायचं. या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. पण माणसांना कळलं नाही म्हणून ते झालंच नाही, असं थोडंच असतं? वर बसलेल्याला सगळं ऐकायला कुठे रिमोट लागतो!

त्याने सुटलेला स्क्रू पुन्हा घट्ट केला आणि बाहेर आला.

"ताई, जरा मागे जाऊन बेल दाबता?"

"आता आणि कशाला?"

"दाबा ना. मी सांगेपर्यंत दाबत राहा."

ती कुरकुरत गेली. घरभर किणकिण झाली आणि मास्तर दचकून मागे वळले, जायला एक पाऊल उचललंसुद्धा. मग तिथेच थांबले.

बटणवाल्याने रिमोट उचलून लाल टिकलीवर अंगठा ठेवला. घर एकदम गप्प झालं.

"दाबताय ना, ताई?"

"दाबतेच आहे की! वाजत नाहीये का?"

ती बेल हातात घेऊनच दारात आली आणि दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली. अंगठा अजून बेलवरच होता.

"मास्तर, तुमच्या कानांचा काही दोष नाही," तो म्हणाला. "बेल वाजलीच नव्हती. माझी चूक. मला माहीत होतं, आणि मी ते तसंच ठेवलं."

लेकीने बेलवरचा अंगठा उचलला. "फोनवर मलाही ऐकू आली नाही," ती हळूच म्हणाली. "एरवी बोलता बोलता बेल वाजली की मीच म्हणायची, जा, आई बोलावतेय. त्या दिवशी मलाही नाही आली ऐकू. मी तर बहिरी नाहीये. आणि मी बाबांना तीन आठवडे..."

मास्तरांनी विचारलं, "तुम्ही सांगितलं नसतंत तर आम्हाला कळलं असतं?"

"नाही."

"हं."

क्षमा करतो असं ते म्हणाले नाहीत. चालता हो, असंही नाही. बटणवाला मान खाली घालून उभा राहिला. दोन शब्द लावून बोलले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"असंच आणखी कुणाकडे बसवलंय?" मास्तरांनी विचारलं.

"बेल असलेली... दोन घरं आहेत."

"मग इथे काय उभे आहात? जा!" वर्गातला जुना आवाज होता तो. "आधी तिकडे जा."

तो जवळजवळ धावतच जिना उतरला. फोन करायचंही त्याला सुचलं नाही. पहिलं घर तीन गल्ल्या पलीकडे होतं. दार नर्सबाईंनी उघडलं. आत खाटेवर अर्धांगवायू झालेले एक जाडजूड गृहस्थ पडून होते. त्याला पाहताच त्यांचा अर्धा चेहरा खुलला.

"या, बटणवाले! तुमचं यंत्र म्हणजे एक नंबर. या नर्सबाई माडीवर असल्या तरी धावत येतात. बघा, दाखवतो."

आणि चालत्या हाताने त्यांनी मोठ्या कौतुकाने बेल दाबली. खालपासून वरपर्यंत सगळं घर किणकिणलं.

"कसं?" त्यांनी विचारलं.

बटणवाला खाटेपाशी गुडघ्यांवर बसला आणि त्यांच्या उशाजवळचा रिमोट आधी आपल्या हातात घेतला.