फोल्गोरेचा डावा पंख

माहितीफलकाचा मजकूर तपासायला घेतला आणि चौथ्या ओळीवर अडकले.

आमची कंपनी दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये आहे. खाजगी संग्रहालयांसाठी जुन्या यंत्रांच्या प्रतिकृती बनवायच्या, हा आमचा धंदा. वर ऑफिस, खाली वर्कशॉप. खाली सध्या फोल्गोरे उभं होतं. दुसऱ्या महायुद्धातलं इटालियन लढाऊ विमान, खऱ्या आकाराचं, लाकडाचं आणि फायबरचं. परवा ते अल ऐनच्या ग्राहकाकडे जायचं होतं. त्याची ड्रॉइंग्ज तपासून पास करणारी मी, विभावरी.

विमानाशेजारी लावायचा तो मजकूर चांगला लिहिला होता. आधीच्या विमानाचं इंजिन अशक्त, म्हणून त्याचेच पंख आणि शेपूट ठेवून मधल्या नव्या धडात जर्मन इंजिन बसवलं. वेग मिळाला, पण मशीनगनी आपल्या दोनच. एकेचाळीस साली ते लिबियाच्या वाळवंटात लढायला गेलं, त्यासाठी हवा आत घेणाऱ्या तोंडावर वाळूची जाळी बसवली. आणि मग ती चौथी ओळ. पुढचा पंखा फिरताना विमान डावीकडे कलायचं. ते सावरायला त्याचा डावा पंख उजव्यापेक्षा वीस सेंटिमीटर लांब ठेवला होता.

मुद्दाम ठेवला होता!

मार्चमध्ये इटलीहून मूळ ड्रॉइंग आलं, तेव्हा त्यात डावा पंख लांबच होता. मला चुका काढायची भारी हौस. हॉटेलात गेलं तरी मी आधी मेन्यूकार्डातली स्पेलिंगं दुरुस्त करते. म्हटलं, काय हे लोक, साधे दोन पंख सारखे काढता येत नाहीत! डावा पुसला, उजवा निवडला, ‘मिरर’ची कमांड दिली. एका क्लिकमध्ये दोन्ही सारखे. संध्याकाळी अल बर्शाच्या घरी नवऱ्याला ऐटीत सांगितलंसुद्धा. हेमचंद्र म्हणाला, “त्यांना एकदा विचारलंस का?”

“दोन पंख सारखे असतात, हे विचारायचं?” मी त्यालाच झापलं.

आणि खाली विमान त्याच मापाने तयार उभं होतं. उठले, पाणी प्यायले, परत बसले, परत उठले. पँट्रीत जाऊन चहा घेतला आणि तिथेच विसरून आले. मग काय करतेय ते कळायच्या आत मी फाइल उघडली, डावा पंख वीस सेंटिमीटरनी वाढवला आणि सेव्ह केली. आमच्याकडे ड्रॉइंग बदललं की त्याला पुढचं अक्षर द्यायचं, ‘बी’चं ‘सी’ करायचं. हा नियम मीच घातलाय आणि न पाळणाऱ्याला चारचौघांत मीच फैलावर घेते. आज मी ‘बी’च ठेवलं, म्हणजे बदल कुणाला दिसणार नाही.

दहा मिनिटंही झाली नसतील. तोच मजकूर आमचे मॅनेजर बदरुद्दीन सर यांच्याकडेही गेला होता. ते टेप घेऊन खाली धावताना काचेतून दिसले. मला वर बसवेना. मीही जिना उतरले.

“जोकिम! ये लेफ्ट विंग किसने काटा?”

“मैंने, सर.” जोकिम वसईचा. आमचा सगळ्यात जुना सुतार, वर्कशॉपचा फोरमन. त्याने कापलेल्या फळीला दुसऱ्यांदा टेप लावायची कुणाची छाती होत नाही.

“बीस सेंटी छोटा है! परसों डिलिव्हरी है! तुम्हारा कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअल मेरे टेबल पे पडा है, मालूम है ना?”

“सर, ड्रॉइंग के हिसाब से काटा है.” जोकिम अगदी शांत होता. “अभी दिखाता हूँ.”

त्याने भिंतीवरचा टॅबलेट काढला. आमचं वर्कशॉप सगळं पेपरलेस. ऑफिसात सेव्ह केलं की खाली तेच दिसतं. मला ओरडावंसं वाटलं, नको उघडू म्हणून.

जोकिमने माप वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. मग टॅबलेट बाजूला ठेवला, टेप काढली आणि स्वतःच कापलेला पंख टोकापासून मोजत गेला. मधेच टेप सुटली. त्याने पहिल्यापासून परत मोजलं.

“खलास,” सर म्हणाले. “दोपहर को केबिन में आओ.” आणि ते निघून गेले.

मी जोकिमजवळ गेले. त्याला वाटलं, मी धीर द्यायला आले.

“मॅडम, मला तर दोन्ही सेम आठवतात,” तो हळूच म्हणाला. “पण टॅबलेट काय खोटं बोलेल? माझे डोळेच गेले बहुतेक. तीस वर्षांत असं नाही झालं हो. बायकोला, वेन्डीला सांगतो, आता बस झालं, जाऊ गावी. उद्या कुणाचं बोट कापलं माझ्या हातून तर?”

मला स्वतःची शिसारी आली. त्याची नोकरी घालवायला मी निघालेच होते, वर त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वासही काढून घेतला होता. नोकरी सरांनी परत दिली असती. हे कोण देणार होतं?

“जोकिम, तुमचे डोळे ठीक आहेत. दोन्ही पंख सारखेच होते. मी सारखे केले होते, मार्चमध्ये. मूळ ड्रॉइंगमध्ये डावा लांब होता, मला ती चूक वाटली. आणि मघाशी, तुम्ही बघायच्या आधी, मी फाइल बदलली.”

मागे लाकूड घासायचा सँडर घरघरत होता. दहाबारा माणसं मान खाली घालून काम करत होती, पण कान सगळ्यांचे इकडेच.

“म्हणजे माझा हात बरोबर होता?”

“बरोबर होता. सरांना आत्ता जाऊन सांगते.”

“सरांना नंतर सांगा.” त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. “आधी इथे सांगा. हिंदीत. आणि जोरात बोला मॅडम, मशीन चालू आहे.”

मी त्या पंखाला धरून उभी राहिले आणि ओरडून सांगितलं. कुणीतरी सँडर बंद केला. जोकिम म्हणाला, “परत एकदा.”

मी परत सांगितलं.