डोळ्यांच्या उंचीवरची जागा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फलक आहे. वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेरच्या भिंतीवर माझी हयात गेली. रोज सकाळी ताजा अंक माझ्यावर चिकटवतात आणि येणारे-जाणारे तो फुकट वाचतात. अंगावर खळीचे इतके थर चढले आहेत, की मूळ लाकूड मलाच आठवत नाही.

मला इथे ठोकलं पहिल्या संपादकांनी. त्यांनी एक रीत घातली. अंकात चूक झाली, की दुरुस्ती माझ्यावर लावायची, तीही डोळ्यांच्या उंचीवर, आणि लोक वाचत असताना संपादकाने माझ्याशेजारी उभं राहायचं. या रीतीनेच पेपरचं नाव झालं. मलाही त्याचा थोडा तोरा होता, खोटं कशाला बोलू?

पुढे त्यांची लेक संपादक झाली. एकदा अंकात छापून आलं, की कोपऱ्यावरच्या बेकरीचा पाव खाऊन मुलं आजारी पडली. पाव होता पलीकडच्या गल्लीतल्या बेकरीचा. बातमीदाराने खात्रीच केली नव्हती. कोपऱ्यावरच्या बेकरीत चिटपाखरूही फिरकेना.

व्यवस्थापक म्हणाले, आतल्या पानावर दोन ओळी छापू, फलकाचं राहू दे. उगाच अब्रूचे धिंडवडे नकोत. लोक काय, चार दिवसांत विसरतात.

"बातमी विसरतील हो काका," ती म्हणाली, "पण त्याच्याकडून पाव घ्यायचा नाही, हे नाही विसरणार."

तिने स्वतः दुरुस्ती चिकटवली आणि उन्हात उभी राहिली. लोकांनी टोमणे मारले. एका आजींनी तर विचारलं, आता तुमचं खरं काय मानायचं? मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात बेकरीवाला आला. ओठ हलवत त्याने सगळं वाचलं, पुन्हा वाचलं. मग दुकानातून पाव आणला आणि सगळ्यांदेखत तिच्यापुढे धरला. तिने तिथेच तोडून खाल्ला.

आजींनीही हात पुढे केला. "मलाही दे रे. आणि बाई, उद्यापासून अंक माझ्या घरी टाकायला सांग."

आता माझ्या जागी चकाकता पडदा येणार, असं ऐकतो. त्यावर बातम्या झरझर सरकतील आणि चुकाही त्यांच्यासोबत सरकून जातील, याचीच मला धास्ती वाटते. थेंबाने गेली ती हौदाने येत नाही, म्हणतात. मी मात्र ती परत येताना पाहिली आहे. मित्रांनो, मला खुशाल उतरवा. फक्त डोळ्यांच्या उंचीवर तेवढी जागा ठेवा, आणि तिच्याशेजारी एक माणूस उभं राहील इतकी.